तबकडीची पुष्पिका

जुनी तबकडी चांगली वाजते की संगणकावरची फाइल, हा वाद आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये वर्षातून दोन-तीनदा तरी रंगतो. पक्ष ठरलेले असतात. भौतिकशास्त्राचे सहकारी आकडे मांडून डिजिटलची बाजू घेतात. संगीत विभागातल्या बाई तबकडीचा आवाज भरीव लागतो, अंगावर येत नाही, असे म्हणतात आणि त्यावर आकड्यांचा काही परिणाम होऊ देत नाहीत. मी मराठी शिकवतो, त्यातही प्राचीन मराठी ग्रंथ. त्यामुळे या वादात मला कोणी मत विचारत नाही. पण माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे या विषयाचा मला बराच विचार करावा लागला. तो वाचकांपुढे मांडावा असे वाटते.

दारव्ह्याच्या आमच्या जुन्या घरात आजोबांची ग्रामोफोनची पेटी आणि साठ-पासष्ट तबकड्या होत्या. आजोबा जिनिंग फॅक्टरीत दिवाणजी होते. कापसाच्या एका बऱ्या हंगामात त्यांनी ही पेटी मुंबईहून मागवली आणि यवतमाळ–मूर्तिजापूर छोट्या गाडीने ती दारव्ह्याच्या स्टेशनावर उतरली, असे वडील सांगत. १९०३ साली सुरू झालेली ही गाडी आमच्याकडचा कापूस मुंबईच्या दिशेने नेण्यासाठी घातलेली होती; लोक तिला शकुंतला म्हणत. ती आता धावत नाही. २००७ साली घर विकायचे ठरले तेव्हा पेटीचे आणि तबकड्यांचे काय करायचे हा प्रश्न आला. कोणीतरी सुचवले की हल्ली तबकड्या 'कन्व्हर्ट' करून मिळतात. मी एका मोठ्या शहरातल्या दुकानात त्या नेऊन दिल्या. पंधरा दिवसांनी एक सीडी हातात आली. त्या एकाच चकतीवर एमपी-थ्री स्वरूपात ४१ फाइली होत्या. उरलेल्या तबकड्या वाजण्याच्या स्थितीत नाहीत असे सांगण्यात आले. पेटीचा कर्णा शोभेची वस्तू म्हणून विकला गेला. तबकड्या मी घरी आणल्याच नाहीत. सगळे संगणकात आले आहे, आता हे ओझे कशाला, असा विचार मी केला. तेव्हा तो शहाणपणाचा वाटला होता.

फाइलींची नावे 'ट्रॅक ०१' ते 'ट्रॅक ४१' अशी होती. वडील ऐकताक्षणी गायकाचे नाव सांगत, पण ते लिहून घेण्याचे काम उद्यावर जात राहिले. २०११ साली वडील गेले. आज त्या ४१ पैकी १२ फाइलींत कोण गात आहे हे मला ठाऊक नाही.

आता थोडे इतिहासात जावे लागेल.

भारतात तबकडीसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्याला. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग हा मुद्रक तिथे आला होता. त्याच दौऱ्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित झाला. मूळ मेणाच्या चकत्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथे छापल्या जात आणि तयार तबकड्या परत हिंदुस्थानात येत. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघेपर्यंत हा द्राविडी प्राणायाम चालू होता. हॅनोव्हरच्या कारागिरांना ना भाषा कळे, ना गायक कोण ते कळे. म्हणून गाणे संपताच गायकाने स्वतःचे नाव मोठ्याने सांगायचे अशी पद्धत पडली. गौहर जान यांनी ते इंग्रजीतून सांगितले आणि त्यांच्या गाण्याइतकीच ती घोषणाही प्रसिद्ध झाली. आपल्याला यात नवल वाटू नये. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' येते तेव्हा तेच काम होत असते: ही रचना कोणाची, हे रचनेच्याच अंगावर कोरून ठेवणे.

या तारखेचे एक दुःखही आहे. किर्लोस्कर मंडळींचे भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१ मध्ये वारले. गायसबर्ग आला तो त्यानंतर दोन वर्षांच्या आत. ज्या आवाजाने मराठी रंगभूमी भारून टाकली तो आवाज तबकडीवर नाही. आहेत ती केवळ ऐकणाऱ्यांनी केलेली वर्णने. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, अल्लादियाखाँ तर १९४६ पर्यंत. पण त्यांचेही गाणे तबकडीवर उतरले नाही. तेव्हा जे उतरले त्याला केवळ करमणुकीची वस्तू समजणे बरोबर नाही. ती आपल्या संगीताच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रे आहेत.

ज्या द्रव्याची ही कागदपत्रे बनली तेही आपल्याकडचेच होते. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असे. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून ती दाबली जाई. ही लाख पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यापासून मिळते आणि त्या काळी जगाला ती मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे. पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. पण त्याच झाडावरचा हा चिकट पदार्थ समुद्र ओलांडून जाई आणि गाणे होऊन परत येई. दुसऱ्या महायुद्धात लाख युद्धकामाला लागू लागली तेव्हा, १९४२ मध्ये, अमेरिकेत तबकड्यांसाठी तिच्या वापरावर निर्बंध आले. लोकांनी जुन्या तबकड्या परत द्याव्यात, त्या वितळवून नव्या करता येतील, अशी आवाहने झाली. म्हणजे जुना आवाज मोडून नवा आवाज घडवणे ही गोष्ट संगणकाच्या आधीही होतच होती.

तबकडीचा कैवार घेणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. तबकडीवर जे आहे ते प्रत्यक्ष गाणे कधीच नव्हते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. ज्या नाट्यपदाला थिएटरात 'वन्स मोअर'वर 'वन्स मोअर' मिळत आणि जे अर्धा तास रंगे, ते तीन मिनिटांत बसवावे लागे. आलाप गेला, विस्तार गेला, मधल्या विश्रांतीच्या जागा गेल्या. तानांची घाई मात्र राहिली. १९२५ पूर्वी मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गात असे आणि त्या आवाजाच्या जोरावरच मेणात खाच पडे. अगदी खालचे आणि अगदी वरचे नाद त्या यंत्रणेत उतरतच नसत. तंबोरा जवळजवळ नाहीसा होई. डग्ग्याचा घुमारा हरवे आणि तबल्याची टिकटिक तेवढी राही. काही वर्षांपूर्वी अशी एक ध्वनिमुद्रिका वर्गात ऐकवली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या काळी डग्गा वाजवत नसत का?" तिने कानांवर विश्वास ठेवला होता आणि कानांनी तिला फसवले होते.

पुढे माध्यम बदलले तसे गाण्याचे रूपही बदलले. १९४८ साली अमेरिकेत एलपी आली. मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक-तृतीयांश फेरे, बारीक खाचा आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे. 'गीतरामायण' हे याचे आपल्या जवळचे उदाहरण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते प्रथम प्रसारित झाले तेव्हा त्याची ५६ गीते अनेक गायकांनी गायिली होती. त्यांत माणिक वर्मा होत्या, लता मंगेशकर होत्या आणि शकुंतलेच्या दुसऱ्या टोकाला, मूर्तिजापूरला, जन्मलेले वसंतराव देशपांडेही होते. एलपीचा संच निघाला तो मात्र एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजात. १९७३ साली यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. आमच्या गावच्या ज्या पिढीने तेव्हा त्यांना पाहिले तिच्या कानात फडक्यांचे 'गीतरामायण' पक्के बसले आहे आणि तेच तिला मूळ वाटते. वस्तुतः तो दुसरा पाठ आहे. तो उत्तम आहे, कदाचित अधिक एकसंधही आहे. पण दुसरा आहे. तबकडी टिकली म्हणून तो प्रमाण ठरला.

आता ध्वनीच्या गुणवत्तेचा प्रश्न. आकड्यांपुरते बोलायचे तर भौतिकशास्त्राचे सहकारी बरोबर आहेत. १९८२ साली बाजारात आलेली सीडी एका सेकंदात ४४,१०० वेळा ध्वनीची नोंद घेते आणि प्रत्येक नोंदीला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी देते. माणसाच्या कानाला ऐकू येणारा सगळा पल्ला त्यात मावतो. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा यांतले अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल असते. चांगल्या एलपीवर ते साठ-सत्तरच्या घरात राहते आणि लाखेच्या तबकडीवर त्याहून पुष्कळच कमी. एलपीला आणखी एक अडचण आहे. सुई कडेकडून मध्याकडे सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या खाचेचा वेग घटत जातो आणि शेवटच्या गाण्यापर्यंत तो निम्म्याहूनही कमी होतो. त्यामुळे प्रत्येक बाजूच्या अखेरच्या गाण्याचा आवाज थोडा फाटतो. लाखेच्या तबकडीवर पोलादी पिन फिरे, दर बाजूला ती नवी लावावी लागे, आणि तरी प्रत्येक वेळी ती खाच थोडी झिजवीतच असे. ऐकणे म्हणजे थोडेसे पुसणेही होते.

मग संगीत विभागातल्या बाई चुकतात का? तसेही नाही. कारण त्या ज्या फाइलींविषयी बोलतात त्या सीडीच्या गुणवत्तेच्या नसतात. एमपी-थ्री हे तंत्र मुख्यतः जर्मनीत, फ्राउनहोफर संस्थेत विकसित झाले आणि फाइलीच्या नावामागचे ते तीन अक्षरांचे शेपूट १९९५ साली ठरले. त्याची कल्पना चतुर आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारचा लहान आवाज कानाला जाणवत नाही. मग तो साठवायचाच कशाला? तो वगळून फाइल लहान करायची. सीडीवर एका सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. २००७ च्या सुमारास सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमपी-थ्रीला १२८ पुरत. म्हणजे अकरा भागांतले दहा भाग टाकून दिलेले. आजच्या चित्रपटगीतात हे सहसा लक्षात येत नाही, मलाही येत नाही. पण लाखेच्या तबकडीच्या बाबतीत एक वेगळीच गोष्ट घडते. त्या तबकडीवर सतत खरखर असते. खरखरीला काही आकृतिबंध नसतो, त्यामुळे ती थोडक्यात लिहून ठेवता येत नाही. तेव्हा त्या तुटपुंज्या १२८ किलोबिटांतला मोठा वाटा खरखर नोंदवण्यातच खर्च होतो आणि गायकाच्या वाट्याला उरलेसुरले येते. यावर उपाय म्हणून दुकानदार आधी खरखर 'साफ' करतात. ही सफाई बेताने केली नाही तर खरखरीबरोबर सकारादी वर्ण जातात, स्वराच्या कडा जातात आणि गायक पाण्याखालून गात असल्यासारखा वाटतो. आमच्या ४१ फाइलींचे नेमके असेच झाले आहे. मूळ तबकड्या असत्या तर हे सारे पुन्हा नीट करता आले असते.

खरा धडा मला मिळाला तो याहूनही साध्या गोष्टीत. यवतमाळला एक वृद्ध पेटीवादक आहेत. लहानपणी ते आमच्या दारव्ह्याच्या घरी येत आणि आजोबा तबकडी लावत तेव्हा समोर पेटी घेऊन साथ करायला बसत. त्यांचे शिक्षणच तसे झाले. 'ट्रॅक १७' कोणाचा हे ते सांगू शकतील या आशेने मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ऐकले, पेटी पुढे ओढली, एक पट्टी दाबून पाहिली आणि म्हणाले, "सर, हे तं पांढरी सहा आहे. त्या तबकडीसोबत मी काळी चारवर वाजवत होतो." गायकाचे नाव त्यांनी सांगितले नाही. आवाज ओळखीचा वाटतो, पण कोवळा वाटतो, घाईत वाटतो, असे मात्र ते दोनदा म्हणाले.

काळी चार आणि पांढरी सहा यांत एका पट्टीचे अंतर आहे. हे अंतर कुठून आले असावे? ७८ फेऱ्या हा आकडा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्थिर झाला. त्याआधीच्या तबकड्या सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कोणत्याही वेगाने मुद्रित झालेल्या असत. काहींच्या लेबलावर वेग छापलेला असे, पुष्कळांच्या नसे. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने वाजवली तर स्वर जवळजवळ एक पट्टी चढतो. केवळ स्वरच चढत नाही. लय वाढते, ताना अधिक वेगवान भासतात, आवाजाचा पोत पातळ होतो आणि प्रौढ माणूस तरुण वाटू लागतो. अब्दुल करीमखाँसारख्या गायकाच्या संदर्भात हे किती गंभीर आहे ते पाहावे. १९०५ च्या सुमाराची त्यांची ध्वनिमुद्रणे आहेत आणि १९३० च्या दशकातल्या ओडियन कंपनीच्या प्रसिद्ध तबकड्याही आहेत. १९३७ साली ते गेले. सांगलीचे कृ. ब. देवल आणि ई. क्लेमेंट्स यांच्या श्रुतिसंशोधनात ज्यांच्या गळ्याचा आधार घेतला गेला, अशा या गायकाची मूळ पट्टी कोणती होती, दोन काळांत ती बदलली का, त्यांच्या तानेची गती खरोखर किती होती, या प्रश्नांची उत्तरे फाइलीवरून देणारा अभ्यासक ती फाइल कोणत्या वेगाने उतरवली हे जाणत नसेल तर तो वाळूवर घर बांधत असतो.

मग आमच्या 'ट्रॅक १७' मध्ये चूक कोणाची? दुकानदाराने वेग न तपासता ७८ वर तबकडी चढवली असेल. किंवा आजोबांच्या पेटीचा वेग मुळात कमी असेल. चावी उतरत आली की स्वरही उतरे, हे त्या पेट्यांचे सर्वज्ञात लक्षण. किंवा पेटीवादकांची त्या काळची पेटीच वेगळ्या स्वराला लावलेली असेल. सत्तर वर्षांपूर्वीच्या स्मरणाला पुरावा म्हणून किती मानायचे, हाही प्रश्न आहेच. तबकडी हाती असती तर लेबल पाहता आले असते, मध्यभागाजवळ कोरलेला साचा-क्रमांक वाचून मुद्रणाचे वर्ष शोधता आले असते, वेगवेगळ्या वेगांनी ती वाजवून पाहता आली असती. आता फाइल आहे आणि ती स्वतःविषयी काहीच सांगत नाही. तिच्या शेवटी गायकाने नाव सांगितले असेल तर तेही नाही, कारण शेवटच्या स्वराबरोबर ती कापलेली आहे. गाण्याचा भाग नाही म्हणून कोणीतरी ती घोषणा टाकून दिली असावी.

वर्गात मी दरवर्षी पुष्पिका म्हणजे काय ते शिकवतो. हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक चार ओळी लिहितो: अमुक शके, अमुक तिथी, अमुक गावी, अमुकाच्या पोथीवरून, अमुकासाठी ही प्रत केली. पुष्कळदा तो असेही सांगतो की जसे पुढ्यात होते तसे उतरवले आहे, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. विद्यार्थ्यांना या ओळी कंटाळवाण्या वाटतात. पण पाठचिकित्सा उभी राहते ती याच ओळींवर. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, कारण नकलांमागून नकला होत पाठ बिघडत गेले होते. आणि ते शुद्धीकरण केव्हा झाले हे आपल्याला कळते, कारण त्याची नोंद ग्रंथालाच जोडलेली आहे. आपल्या विदर्भातले उदाहरण तर याहून बोलके आहे. ऋद्धिपुरात सिद्ध झालेले म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' धाडीत हरवले. महानुभावांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले आणि असे करताना कोणता पाठ कोणाच्या स्मरणातला, हे नावानिशी सांगण्याची दक्षता घेतली. हिराइसेचा पाठ वेगळा, परशरामबासांचा वेगळा. मूळ ग्रंथ गेला हे त्यांनी लपवले नाही. आपल्या हाती आहे ती प्रत आहे, हे त्यांनी प्रतीतच लिहून ठेवले.

हा विचार मनात आल्यापासून स्टाफरूममधला वाद मला वेगळा दिसू लागला. तबकडी ही पोथी आहे आणि फाइल ही नक्कल आहे. नक्कल करणे वाईट नाही. नकलाच झाल्या नसत्या तर ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली नसती. उलट डिजिटल नक्कल ही लेखनिकांच्या नकलेपेक्षा कितीतरी विश्वासार्ह असू शकते, कारण एका फाइलीवरून दुसरी करताना एक बिंदूही इकडचा तिकडे होत नाही. जे बिघडते ते पहिल्या उताऱ्यात, तबकडीवरून संगणकात येताना. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने यासाठी नियम घालून दिले आहेत: उतारा न दाबलेला असावा, २४ बिटांचा असावा, शक्यतो सेकंदाला ९६,००० नोंदींचा असावा, खरखरीसह असावा, सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर, आणि कोणत्या तबकडीवरून, कोणत्या सुईने, कोणत्या वेगाने उतरवले ते सोबत लिहावे. या शेवटच्या कलमात पुष्पिकेचाच सगळा मजकूर आहे.

आपल्याकडे असे काम झालेले नाही असे नाही. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिच्या सुरेश चांदवणकरांनी तबकड्या, लेबले, सूचिपत्रे यांच्या नोंदी जपण्यात वर्षे घातली. मुंबईच्या 'यंग इंडिया' या देशी छापाच्या तबकड्या ब्रिटिश लायब्ररीच्या एका योजनेतून डिजिटल झाल्या, त्या लेबलांच्या छायाचित्रांसह आणि नोंदींसह. पण तालुक्याच्या गावी, कापसाच्या व्यापाऱ्यांच्या, वकिलांच्या, मास्तरांच्या घरी ज्या तबकड्या पडून होत्या, त्यांपर्यंत अशी व्यवस्था सहसा पोचत नाही. तिथे माझ्यासारखा एखादा शिकलेला नातू पोचतो आणि सगळे संगणकात आले म्हणून निश्चिंत होतो. वाळवी आणि पावसाळा यांनी केले नसेल ते तो एका दुपारी करतो.

एक गोष्ट सांगून थांबतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. तिच्यात जगभरातल्या संगीताचे नमुने आहेत आणि त्यांत गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची एक भैरवी आहे. दुसरे यान सुटल्यावर पंधरवडाही झाला नव्हता तोच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई गेल्या. त्या तबकडीबरोबर सुई पाठवलेली आहे. वेष्टनावर ती कशी वाजवावी याची आकृती कोरलेली आहे. एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागले पाहिजेत हेही त्यावर आहे. आणि सेकंद म्हणजे काय हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसणार, म्हणून हायड्रोजनच्या अणूत होणाऱ्या एका बदलाला लागणारा काळ एकक म्हणून दिला आहे. ज्याला आपली भाषा येत नाही, ज्याला कान आहेत की नाहीत हेही माहीत नाही, त्या श्रोत्याने केसरबाईंना चुकीच्या पट्टीत ऐकू नये एवढी काळजी कोणीतरी घेतली. आमच्या आजोबांच्या तबकड्यांसाठी, माझ्याच मुलीच्या कानांसाठी, मला ती घेता आली नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या ४१ फाइलींसाठी एक वही केली. प्रत्येक फाइलीला एक पान. वडिलांच्या तोंडून ऐकलेले जे जे बहिणीला आणि मला आठवले ते लिहिले आणि कोणाची आठवण तेही लिहिले. सतराव्या पानावर असे आहे: 'नाट्यपद. पुरुष गायक, नाव अज्ञात. मूळ तबकडी लाखेची, दारव्हा येथील घरातील. २००७ साली नष्ट. उताऱ्याचा वेग अज्ञात. फाइलीत स्वर पांढरी सहा. यवतमाळच्या एका पेटीवादकांच्या स्मरणानुसार काळी चार. शेवटची घोषणा, असल्यास, कापलेली.' खाली तारीख घातली, गावाचे नाव घातले आणि सही केली. या चुकीत दोष कोणाचा ते मात्र जुन्या लेखनिकांसारखे झटकता आले नाही. तेही लिहून ठेवले.